कोरियात इंग्रजी शिकवायची नोकरी: करारात काय पाहायचं, सोबत काय न्यायचं?

शेवगा (प्रश्न)

पुतणी जन्माने कॅनडाची, ओंटॅरिओत वाढलेली, नुकतीच बी.ए. झाली. देजॉनमधल्या एका हागवॉनने (तिथले खाजगी क्लास) वर्षभराचा करार पाठवलाय. पगार महिना २४ लाख वॉन, राहायला वनरूम (एका खोलीचं घर), आठवड्याला ३० 'शिकवण्याचे तास', वर्षाला १० दिवस रजा. पगारातून ३.३ टक्के कापू, म्हणजे हातात जास्त पडेल, असं त्यांनी मेलमध्ये खास लिहिलंय. मुलगी शाकाहारी आहे, अंडं चालतं. भाऊ-वहिनी आकडा बघून खूश आहेत, मला मात्र ते ३.३ काही पटेना. माहीतगारांनी सांगावं: सही करण्याआधी काय तपासायचं, कागदपत्रं कोणती, आणि रोजच्या जगण्यात कुठे अडतं?

---

हिशोबनीस

तुम्हाला न पटलेली गोष्टच या करारातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

आधी आकडा वाचायची पद्धत. कोरियन लोक दहा हजाराच्या पटीत मोजतात, त्या एककाला ते 'मान' म्हणतात. १० मान म्हणजे आपला एक लाख. त्यामुळे २४० मान म्हणजे २४ लाख, आपल्याला सोपं जातं. पण २४ लाख फार नाहीत. २०२६चं किमान वेतन ताशी १०,३२० वॉन आहे आणि आठवड्याला ४० तासांच्या नोकरीचा महिना २०९ तासांचा धरतात, म्हणजे २१.५७ लाख. तुमचा आकडा त्याच्या थोडाच वर आहे. करारात कामाचे तास ४५ निघाले तर तोही फरक उरत नाही.

आता ३.३ टक्के. ही कपात स्वतंत्र व्यावसायिकाची असते. ई-२ व्हिसावरची (परदेशी भाषाशिक्षकांचा व्हिसा) शिक्षिका वेळेवर हजर राहते, संचालकाच्या सूचनेनुसार शिकवते, म्हणजे ती कामगारच. तिला ३.३ मध्ये टाकलं की हागवॉनचा पेन्शन आणि आरोग्य विम्यातला अर्धा वाटा वाचतो. हिशोब असा:

रीतसर कपात झाली तर पेन्शन ४.७५ टक्के (१.१४ लाख), आरोग्य विमा आणि त्याला जोडलेला दीर्घकालीन शुश्रूषा विमा मिळून साधारण ९८ हजार, आयकर ३५-४० हजारांच्या आसपास. हातात साडेएकवीस लाखांच्या घरात. ३.३ मध्ये फक्त ७९,२०० कापले जातात, हातात २३.२ लाख. दरमहा पावणेदोन लाख जास्त, वर्षाचे साधारण २१ लाख.

गमावलं काय ते बघा. कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना कोरिया कायमचा सोडताना पेन्शनचे पैसे एकरकमी परत मिळतात, आणि मालकाचा वाटाही त्यातच येतो. २.२८ लाख गुणिले १२ म्हणजे २७ लाखांहून जास्त, वर व्याज. (ब्रिटिश, आयरिश, न्यूझीलंडवाल्यांना ही सोय नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकांची पेन्शनची कपातच होत नाही.) शिवाय वर्ष पूर्ण झाल्यावर किमान ३० दिवसांच्या सरासरी पगाराएवढं थ्वेजिग्गुम, म्हणजे आपली ग्रॅच्युइटी समजा, इथे २४ लाख. ३.३ वाला मालक तेही नाकारतो. आणि सहा महिन्यांनी आरोग्य विमा स्वतःच्या नावाने सक्तीचा होतो, त्याचा हप्ता दीड लाखाच्या आसपास आणि पूर्ण स्वतःच्या खिशातून. २१ लाख मिळवायला ५० लाख सोडायचे!

करारात मला आणखी हे दिसलं पाहिजे:

'शिकवण्याचा तास' म्हणजे किती मिनिटं? ४० मिनिटांचा वर्ग असेल आणि ३० तास घड्याळाचे मोजले तर आठवड्याला ४५ वर्ग होतात. ३० वर्ग की ३० तास, हे लिहून घ्या. एकूण हजेरी किती ते वेगळं लिहून घ्या.

थ्वेजिग्गुम 'पगारात धरलेलं आहे' असं वाक्य असेल तर ते कायद्याने चालत नाही. पहिल्या काही महिन्यांत पगारातून 'अनामत' कापून ठेवायचं कलम असेल तर प्रश्न विचारा. करार मोडल्यास अमुक दंड, असं आधीच ठरवून ठेवायला श्रम मानक कायद्याच्या कलम २० ने मनाई आहे. सहा महिन्यांच्या आत सोडल्यास विमानाचं भाडं परत मागणारं कलम मात्र सर्रास असतं, त्यावर फार ताणू नका.

रजा. पाच किंवा जास्त कर्मचारी असतील तर पहिल्या वर्षी महिन्याला एक याप्रमाणे ११ दिवस कायद्यानेच मिळतात. पाचांपेक्षा कमी असतील तर हे कलम लागू नाही आणि अकारण काढून टाकण्यापासूनचं संरक्षणही नाही. म्हणून कर्मचारी किती, हा साधा प्रश्न आधी विचारायचा. अकराव्या महिन्यात काढून थ्वेजिग्गुम बुडवणारे लोक आहेत, आणि छोट्या जागी ते सोपं जातं.

सध्या तिथे शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाशी एकटीने बोलायला मिळतंय का ते बघा. नकार आला तर मी करार बाजूला ठेवीन.

---

टपालपेटी

कागदपत्रांबद्दल. ई-२ साठी इंग्रजीचे शिक्षक म्हणून सात देशांचे नागरिक चालतात: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. लागतं ते असं: पदवीची अपॉस्टिल केलेली (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेली) प्रत, राष्ट्रीय पातळीवरचा पोलीस दाखला (तोही अपॉस्टिल), सही केलेला करार, आरोग्याचं स्वयंघोषणापत्र, पासपोर्ट आणि फोटो.

कॅनडात अपॉस्टिल ११ जानेवारी २०२४ पासूनच सुरू झालंय. त्याआधीच्या सूचना (नोटरी, मग कोरियन दूतावासाचा शिक्का) जालावर अजून फिरतायत, त्या वाचून गोंधळू नका. पोलीस दाखला आरसीएमपीचा (कॅनडाचे केंद्रीय पोलीस), बोटांच्या ठशांवरचा हवा. गावातल्या पोलिसांकडचा नावावरून काढलेला दाखला परत येतो. आरसीएमपीचा कागद केंद्राचा, म्हणून त्याचं अपॉस्टिल ओटावात ग्लोबल अफेअर्सकडे (परराष्ट्र खातं). पदवीची नोटरी ओंटॅरिओत केली तर तिचं अपॉस्टिल ओंटॅरिओ सरकारकडे. दोन वेगळ्या खिडक्या आहेत. इथेच लोक महिना घालवतात. दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, तेव्हा फार आधीही काढू नका.

मग मूळ कागद कुरियरने हागवॉनकडे जातात, ते देजॉनच्या इमिग्रेशन कार्यालयात देतात, तिथून व्हिसाचा क्रमांक मिळतो आणि तो घेऊन टोरंटोच्या कोरियन वाणिज्य दूतावासात अर्ज. पदवीची एक जास्तीची अपॉस्टिल प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढच्या नोकरीला लागते आणि जुना मालक कागद परत देतोच असं नाही.

पोचल्यावर ९० दिवसांच्या आत निवास कार्डासाठी नोंदणी. हायकोरियाच्या (तिथल्या इमिग्रेशनच्या) संकेतस्थळावर वेळ घ्यावी लागते आणि तारखा लवकर भरतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच वेळ घ्या. त्याआधी ठरलेल्या रुग्णालयात तपासणी, तिचा अहवाल बंद लिफाफ्यात देतात. लिफाफा फोडायचा नाही.

आणि हे नीट वाचा. तपासणीत अमली पदार्थांची चाचणी असते. कॅनडात गांजा कायदेशीर आहे, कोरियात नाही, आणि नियमित घेणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडे सापडू शकतात. गोळ्या, तेल, 'फक्त सीबीडी' (गांजातला नशा न आणणारा अर्क), सगळं त्यात आलं. आपल्याकडची खास अडचण खसखस. अनारसे, खसखशीचे लाडू किंवा वाटण खाऊन चाचणीला गेलं तर अफूच्या गटात पॉझिटिव्ह येऊ शकतं. निघायच्या आधीच्या आठवड्यापासून बंद करा आणि पिशवीत तर अजिबात नेऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि एकाग्रतेसाठीच्या अ‍ॅडरॉलसारख्या गोळ्याही नकोत. तिथे अ‍ॅडरॉल डॉक्टरची चिठ्ठी दाखवूनही चालत नाही.

---

बीएडवाली

मध्येच विचारते, माफ करा. भारतीय पासपोर्ट, एम.ए. इंग्रजी, बी.एड. पुण्यातला एक एजंट म्हणतो की ई-२ वर हागवॉनमध्ये लावून देतो, दीड लाख रुपये फी. खरं का?

---

टपालपेटी

नाही. भारत-कोरिया सेपा (आर्थिक भागीदारीचा) करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीयांना ई-२ ची वाट आहे, पण ती शाळांमधल्या सहायक इंग्रजी शिक्षकाच्या पदासाठी, पदवी आणि शिक्षकाची पात्रता असेल तर. हागवॉन त्यात बसत नाही. तुमची बी.एड. इथे कामाची आहे, पण आधी शाळेचा किंवा शिक्षण कार्यालयाचा करार हवा, आणि अशा जागा मोजक्याच निघतात. 'आधी पर्यटक म्हणून जा, मग बदलू' असं कोणी म्हणालं तर सरळ निघून या. पकडलं तर दंड शिक्षकाला होतो, देश सोडावा लागतो आणि पुन्हा प्रवेश मिळणं अवघड होतं. एजंट पुण्यातच असतो.

---

हिशोबनीस

@बीएडवाली, वरच्याला +१. फी उमेदवाराकडून मागणारा एजंट म्हणजे तिथेच थांबायचं. कोरियात शिक्षक पुरवणाऱ्यांना पैसे हागवॉन देतं.

---

फोडणी

मी जगण्याबद्दल लिहितो, पोरीला रोज तेच लागणार आहे.

शाकाहार. तिथे 'मांस नाही' म्हटलं की मासे चालतात असं समजलं जातं. भाजीच्या सूपचा अर्क बहुधा वाळवलेल्या मेल्चीचा (छोटे मासे), किमचीत खारवलेली कोलंबी किंवा माशांचा रस, ट्टॉकबोक्कीत (तांदळाच्या तिखट वड्या) फिशकेक. बिबिमबाप (भाज्या घालून कालवलेला भात) सगळ्यात सोपं, पण 'गोगी प्पे जुसेयो' (मांस काढून द्या) म्हणायला शिका आणि वरचं गोचुजांग (मिरचीची पेस्ट) परतलेलं आहे का ते विचारा, त्यात खिमा असू शकतो. देवळांजवळची साधूंची खानावळ खरी शाकाहारी. तिथे लसूण-कांदाही नसतो, जैन मंडळींना आवडेल. पाकिटातल्या नूडल्समध्ये नोंगशिमचं 'सून' शाकाहारी आहे. क्लासमध्ये दुपारचं जेवण असेल तर सगळ्यांना एकाच पातेल्यातलं मिळतं. डबा नेते असं पहिल्याच दिवशी सांगावं, नंतर सांगितलं की तक्रार वाटते.

किराणा: मसूर आणि काबुली चणे मोठ्या दुकानांत आणि कुपांगवर (ऑनलाइन दुकान) सहज. तूरडाळ, पोहे, हिंग, लांब तांदूळ यांसाठी सोलचं इतेवॉन किंवा आन्सानचं वोन्गोक-दोंग, नाहीतर तिथल्या दुकानांतून कुरियर. कोथिंबिरीला 'गोसू' म्हणतात, महाग असते. कढीपत्ता ताजा नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. वाळवलेली पानं, गोडा मसाला (खसखस नसलेला), हिंग बंद पाकिटात न्या. बिया पेरायला म्हणून काही नको.

कुकर: हे आधी विचारा. नव्या वनरूममध्ये इंडक्शन असतं, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा तळ असलेला, दोन-तीन लिटरचा घ्या. काही ठिकाणी काचेखाली लाल होणारी शेगडी असते, तिला सपाट बुडाचं काहीही चालतं. वीज २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. दोन गोल पिनांची प्लगं बसतात, आपली तीन पिनांची बसत नाहीत आणि कॅनडाची तर नाहीतच. कॅनडातली १२० व्होल्टची उपकरणं तिथेच ठेवा, केस वाळवायचं यंत्र लावलं की जळतं. फोडणी देताना खिडकी उघडी हवी. वनरूममध्ये पलंग शेगडीपासून चार पावलांवर असतो आणि मोहरीचा वास गादीला महिनाभर राहतो.

कचरा. यावरून शेजाऱ्यांशी सगळ्यात जास्त भांडणं होतात. साधा कचरा पालिकेच्या ठराविक पिशवीतच (जोंग्न्यांगजे बोंगथू), ती त्या त्या गू-ची, म्हणजे वॉर्डाची. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दुसऱ्या शहराची पिशवी चालेलच असं नाही. उरलंसुरलं अन्न वेगळं, एकतर कार्ड दाखवून वजन करणाऱ्या डब्यात किंवा अन्नाच्या वेगळ्या पिशवीत. ते जनावरांच्या खाद्यासाठी आणि खतासाठी जातं, म्हणून जनावर जे खाणार नाही ते त्यात नाही. अंड्याची टरफलं, कांदा-लसणाची सालं, आंब्याची कोय, नारळाची करवंटी, हाडं आणि चहाचा चोथा, हे सगळं साध्या कचऱ्यात. आपल्या स्वयंपाकघरातलं निम्मं 'ओलं' तिथे ओलं नसतं.

थंडी. जमिनीखालून गरम पाणी फिरतं (ओन्दोल), भिंतीवर बॉयलरचं पॅनेल. त्यावर तीन शब्द ओळखायचे: 'नान्बांग' खोली तापवायला, 'ओन्सू' नळाला गरम पाणी, 'ओएचुल' बाहेर जाताना. जानेवारीत उणे दहा होतं तेव्हा बाहेर जाताना बॉयलर पूर्ण बंद करू नका, 'ओएचुल'वर ठेवा, नाहीतर पाइप गोठतो आणि दुरुस्तीचं बिल कोणी द्यायचं यावर घरमालकाशी वाद. कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवतात. खोली दिवसाला दहा मिनिटं तरी उघडा, काचेवर पाणी साचून भिंतीला बुरशी धरते. करारात 'घर मोफत' असलं तरी वीज, गॅस आणि इमारतीचा देखभाल खर्च (क्वान्लिबी) बहुधा तिचाच. क्वान्लिबीत काय येतं ते लिहून घ्या.

---

रांगोळी

एक भर, नावाबद्दल. मराठी कुटुंबांतल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतात, कॅनडाच्या पासपोर्टवरही तसंच आलेलं असतं. कोरियात बँक, फोन, विमा, खरेदी, सगळीकडे स्वतःच्या नावावरच्या फोनने ओळख पटवावी लागते. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी, तिसऱ्या ठिकाणी वडिलांचं नाव कापलेलं, असं झालं की यंत्र नाकारतं. निवास कार्डावर जसं छापलंय, मोकळ्या जागांसकट, तसंच फोन कंपनीत आणि बँकेत लिहून घ्यायचं. काउंटरवर कार्ड पुढे करून 'हेच, असंच' म्हणायचं. आधी कार्ड, मग फोन, मग बँक, हा क्रम. कार्ड हातात येईपर्यंत काही आठवडे जातात. तोवर पासपोर्टवर मिळणारं प्रीपेड सिम आणि सोबत दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे हवेत, कारण पहिला पगार महिना भरल्यावरच.

गूगल मॅप्सवर तिथे पायी जायचा रस्ता नीट मिळत नाही, सुरुवातीपासून नेव्हर मॅप वापरा. संचालकांना नावाने हाक नाही, 'वॉन्जांगनिम'. मुलांची नावं फळ्यावर लाल शाईने लिहू नका, लाल अक्षरातलं नाव तिथे अशुभ मानतात.

आणि एक कडू गोष्ट. अर्जासोबत फोटो मागतात आणि सावळा रंग बघून काही जागा नाकारतात, कारण कुठेही लिहिलेलं नसतं. आता करार हातात आहे म्हणजे तो टप्पा झाला, पण पालकांना दाखवायच्या खुल्या वर्गाच्या वेळी 'कुठली' हा प्रश्न येईल, तयारी असावी.

---

शेवगा

सगळ्यांचे आभार. हागवॉनला विचारलं. उत्तर: कर्मचारी सात, ३.३ 'सगळेच घेतात', वर्ग ४० मिनिटांचा आणि ३० तास घड्याळाचे. शिवाय महिन्यातून दोन शनिवार त्यांच्याच दुसऱ्या शाखेत शिकवायचं, त्याचे वेगळे पैसे रोख. आता?

---

हिशोबनीस

दुसरी शाखा म्हणजे ३.३ पेक्षा मोठा धोका. ई-२ त्या नोंदवलेल्या पत्त्याला बांधलेला असतो. मालक एकच असला तरी दुसऱ्या पत्त्यावर शिकवायला इमिग्रेशनमध्ये कामाची जागा वाढवून घ्यावी लागते. तशी नोंद नसेल तर धाडीत मालकाला दंड आणि तिच्या व्हिसावर गदा. रोखीचा व्यवहार म्हणजे नोंद करायची नाहीये, हे उघड आहे. खाजगी शिकवणीचंही तेच, ऑनलाइन असली तरी ई-२ वर नाही.

त्यांना एकच मेल लिहा, चार मुद्द्यांचा. पेन्शन आणि आरोग्य विम्यात पहिल्या दिवसापासून नोंदणी. आठवड्याला जास्तीत जास्त ३० वर्ग, प्रत्येकी ४० मिनिटांचा. रजा ११ दिवस, त्यातले किमान पाच तिच्या पसंतीचे. काम फक्त करारातल्या पत्त्यावर. उत्तर करारातच बदल करून हवं, मेलमधलं 'ओके' नको. कोरियन आणि इंग्रजी प्रतीत फरक असला तर कोरियन प्रत धरतात असं कलम बहुधा असतं, तेव्हा कोरियन प्रत कोणाकडून तरी वाचून घ्या.

सही करून ती आधीच तिथे असती तर सांगितलं असतं की पगाराच्या पावत्या, हजेरीचे फोटो जपून ठेव, पैशांच्या तक्रारीला रोजगार मंत्रालयाचा फोन नंबर १३५० आणि व्हिसाच्या शंकेला १३४५. सही झालेली नसताना तो त्रास कशाला ओढवून घ्यायचा.

---

रांगोळी

हे जमलं नाही तर एपिक बघा, सरकारी शाळांची योजना. आठवड्याला २२ वर्ग, शाळेची वेळ, सोबत कोरियन शिक्षिका, करार शिक्षण कार्यालयाशी. ३.३ चा प्रश्नच येत नाही. भरती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीअखेर आणि ऑगस्टअखेर रुजू व्हायचं, आणि अर्ज त्याच्या सहा-सात महिने आधी. १०० तासांचा टेफल (इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स लागतो, तो आत्ता सुरू केला तरी चालेल. शहर आपल्या मनासारखं मिळेलच असं नाही, देजॉन मागितलं तर खेड्यातल्या दोन शाळाही मिळू शकतात.

---

शेवगा

मेल पाठवला. टेफलची फीही भरली.

---

फोडणी

बरं केलंत. कुकर मात्र घर ठरल्यावरच घ्या, आधी शेगडीचा फोटो मागवा.